जुन्या लॅपटॉपवर नवी प्रणाली चढली नाही, तर काय करावे?

विषयप्रवेश

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील पुष्कळ घरांत आज एखादा तरी लॅपटॉप आढळतो. तो बहुधा नवा नसतो. थोरल्या मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी घेतलेला, मागाहून धाकटीच्या अभ्यासाला आलेला, आणि तिचेही शिक्षण पुरे झाल्यावर वडिलांच्या दुकानाच्या हिशेबाला लागलेला, असा त्याचा प्रवास असतो. अशा यंत्राची किंमत बाजारात विचारली तर ती चारदोन हजारांच्या पुढे जाणार नाही. परंतु त्याच्या पोटात जे साठलेले असते त्याची किंमत कोणत्याही बाजारात करता येत नाही. मुलांच्या गुणपत्रिका, जमिनीचे उतारे, आजोबांची छायाचित्रे, दुकानाच्या उधारीची वही असा सारा संसार त्यात असतो.

हा विषय आजच घेण्याचे कारण असे की, मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. ज्या घरी ही प्रणाली चालू होती, त्या घरी 'विंडोज ११' घालून घ्यावे अशा सूचना पडद्यावर येऊ लागल्या. कित्येकांनी त्या पाळल्या. काहींचे काम सुरळीत झाले. काहींचे यंत्र अर्ध्या वाटेवरून मागे फिरले. आणि काहींचे तर सुरूच होईना. अशा वेळी मनुष्य गोंधळतो आणि हाताला येईल ती कळ दाबीत सुटतो. नुकसान होते ते बहुधा मूळ बिघाडाने नव्हे, तर या गोंधळाने होते.

म्हणून प्रस्तुत पाठाचे सार आरंभीच सांगून ठेवतो. प्रथम जतन, मग निदान, आणि शेवटी उपाय. हा क्रम ज्याने सोडला नाही, त्याचे यंत्र कदाचित जाईल, पण त्याचा ठेवा जाणार नाही.

प्रणाली बदलताना आत काय घडते?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी होय. पडदा, कळफलक, हार्ड डिस्क, छपाईयंत्र हे सारे त्या घरचे नोकर. आपण कारभाऱ्याला काम सांगतो व तो ते नोकरांकडून करवून घेतो. प्रत्येक नोकराची बोली निराळी असल्यामुळे मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला 'ड्रायव्हर' असे म्हणतात. आपल्या सीमाभागातील वाचकांना दुभाष्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको! जुन्या कारभाऱ्याच्या जागी नवा आणणे म्हणजे प्रणाली बदलणे. घर तेच, नोकर तेच; पण नव्या कारभाऱ्याला जुन्या दुभाष्यांची भाषा कळली नाही की सारा कारभार अडतो.

विंडोजमधील हा बदल चार टप्प्यांनी होतो. पहिल्या टप्प्यात जुनाच कारभारी गादीवर असतो. नव्या प्रणालीचे सामान उतरवून घेणे, जागा पुरेशी आहे की नाही ते पाहणे व यंत्र पात्र आहे का ते तपासणे ही कामे त्याच्या देखरेखीखाली होतात. दुसऱ्या टप्प्यात यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि एक छोटी हंगामी प्रणाली कारभार हाती घेऊन नवी प्रणाली जागेवर बसविते. तिसऱ्या टप्प्यात नवी प्रणाली प्रथमच स्वतःच्या पायांवर उभी राहते व प्रत्येक नोकराशी ओळख करून घेते. चौथ्या टप्प्यात आपली खाती, मांडणी व आज्ञावल्या नव्या घरात लावल्या जातात.

यांपैकी कोठेही अडले की विंडोज शक्यतो जुनी प्रणाली पूर्ववत करते. पडद्यावर केलेले बदल मागे घेतले जात असल्याची सूचना दिसते. ती पाहून घाबरू नये. ही माघार म्हणजे यंत्राचा शहाणपणा आहे. त्या वेळी वीज बंद करणे मात्र घातक होय. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरतीच उरलेली असते. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पावसाची झड लागते व करंट केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा इन्व्हर्टरचा आधार असल्याशिवाय हे काम पावसाळ्यात आरंभूच नये. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर या कामास कित्येक तास लागू शकतात. पडदा काळा दिसला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजावे.

पहिले काम : जतन

प्रणाली बदलताना आपले कागद जागच्या जागी राहतात असे सांगितले जाते, आणि बहुधा ते खरेही असते. परंतु 'बहुधा' या शब्दावर घरचा ठेवा टांगून ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची जी सुधारित आवृत्ती निघाली, तिने काही लोकांच्या कागदपत्रांच्या कप्प्यातील फाइली पुसून टाकल्या. कंपनीला ती आवृत्ती त्याच महिन्यात मागे घ्यावी लागली व दुरुस्तीनंतर १३ नोव्हेंबर २०१८ रोजी ती पुन्हा दिली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हातून असे घडू शकते, तर आपण सावध असलेलेच बरे.

यंत्र सुरू होत असेल तर सर्व फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व अत्यंत मोलाच्या कागदांची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. प्रत घेतल्यावर त्यातील चारपाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत ही न मोजलेल्या पैशांच्या थैलीसारखी असते.

यंत्र सुरूच होत नसेल तर काय? तरीही ठेवा गेला असे समजू नये. प्रणाली मोडली म्हणजे कारभारी पळाला. तिजोरी जागेवरच असते. दुसऱ्या संगणकाच्या साहाय्याने एका पेनड्राइव्हवर लिनक्स प्रणाली घेता येते. तिच्यावरून जुना लॅपटॉप सुरू करून आतील फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. असा पेनड्राइव्ह तयार करताना त्यातील पूर्वीचे सारे पुसले जाते, म्हणून तो रिकामा घ्यावा. आणि अशा रीतीने सुरू केलेल्या यंत्राच्या मूळ डिस्कवर काही लिहू नये, फक्त वाचावे. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून यूएसबी पेटीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडणे. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती पुन्हापुन्हा सुरू करण्याचा हट्ट सोडून जाणकाराकडे न्यावी. प्रत्येक प्रयत्नाने तिचे आयुष्य घटते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. काही लॅपटॉपांची डिस्क 'बिटलॉकर' नावाच्या कुलपाने आपोआप बंद केलेली असते. यंत्राच्या मूळ मांडणीत बदल केला, किंवा डिस्क दुसरीकडे जोडली, की ते ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. यंत्र धड असतानाच ती पाहून वहीत उतरवून ठेवावी. किल्लीवाचून ही तिजोरी कोणताही कारागीर उघडू शकत नाही.

अक्षरांचे जतन

आता जो मुद्दा सांगावयाचा, तो इतरत्र लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही; परंतु आपल्या भागात त्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा मुद्दा नाही. आपल्या घरांत व संस्थांत मराठी मजकूर अनेक वर्षे 'श्रीलिपी', 'आयएसएम' यांसारख्या संचांवर, आणि कन्नड मजकूर 'नुडी' व 'बरह' यांवर टंकलिखित होत आला. त्या काळच्या पुष्कळशा फाइलींत मराठी अक्षर असे काही साठविलेलेच नसते. साठविलेला असतो तो इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाला मराठी रूप देतो तो विशिष्ट फाँट.

छापखाना पाहिलेल्यांना हे चटकन उमगेल. जुळारीच्या केसमध्ये प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला असतो. 'सातव्या खणातला खिळा, मग बाराव्यातला' अशी यादी त्याने लिहून ठेवली आणि ती दुसऱ्या छापखान्यात नेली, जेथे खणांचा क्रम निराळा आहे, तर यादी तीच राहून छापून भलतेच येईल. जुन्या फाँटातील फाइलींची गत हीच होते. नवी प्रणाली कोऱ्या पाटीवर घातली व जुना फाँट राहून गेला, की आजोबांचे मृत्युपत्र किंवा मंडळाचे इतिवृत्त उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही.

यास्तव प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व फाँट निराळ्या कप्प्यात उतरवून घ्यावेत. महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ प्रत करून ठेवावी, म्हणजे अक्षररूप गोठून राहते. आणि सवड काढून तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. युनिकोडात देवनागरीला व कन्नडला आपापले स्वतंत्र क्रमांक आहेत, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही लिप्या सुखाने नांदतात व फाँट बदलला तरी अक्षर बदलत नाही. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत. चुका बहुधा तेथेच राहतात.

जुन्या लिपीसंचांपैकी काहींना यूएसबीच्या खाचेत बसवावयाचे छोटे कुलूप, म्हणजे डोंगल, असे. त्याचाही एक ड्रायव्हर असतो, आणि तो जुना असल्यास नव्या प्रणालीत चालेलच असे नाही. ज्यांचे रोजचे काम त्यावर अवलंबून आहे, त्यांनी याची खात्री आधी करून घ्यावी.

निदान : अपात्रता की बिघाड?

जतन झाले की मन निश्चिंत होते, आणि निश्चिंत मनानेच निदान करावे. पहिला प्रश्न असा की, हे यंत्र नव्या प्रणालीस पात्र आहे का? पात्रच नसेल तर जे घडले तो बिघाड नव्हे, नकार आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

विंडोज ११ साठी ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, यूईएफआय पद्धतीने सुरू होणारे व 'सिक्युअर बूट' जाणणारे यंत्र, 'टीपीएम २.०' हा सुरक्षेचा घटक, आणि कंपनीच्या यादीत असलेला ६४ बिटी प्रोसेसर एवढ्या अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते; ती पिढी २०१७ साली बाजारात आली. म्हणजे २०१५ किंवा २०१६ साली घेतलेला लॅपटॉप कितीही जपून वापरलेला असला, तरी तो या यादीत बहुधा बसणार नाही. मायक्रोसॉफ्टची 'पीसी हेल्थ चेक' ही आज्ञावली याचे उत्तर चार मिनिटांत देते.

मात्र एक भेद करावा. टीपीएम नाही असे उत्तर आले, तरी कित्येकदा तो असतो पण बंद ठेवलेला असतो. यंत्र सुरू होताना त्याच्या मूळ मांडणीत गेल्यास इंटेलच्या यंत्रांत तो 'पीटीटी' या नावाने व एएमडीच्या यंत्रांत 'एफटीपीएम' या नावाने आढळतो. तो चालू केला की अडचण मिटते. प्रोसेसरच यादीत नसेल तर मात्र कोणतीही कळ फिरवून उपयोग नाही. तसेच जुनी प्रणाली ३२ बिटी असेल, तर तिच्यावरून ६४ बिटी प्रणालीवर थेट चढता येत नाही. कोरी प्रतिष्ठापनाच करावी लागते.

निदान : सांकेतिक अंक कसे वाचावे?

यंत्र पात्र असूनही बदल फसला, तर पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक येतो. पुष्कळ लोक तो न पाहताच पडदा पुसतात. वैद्याने नाडी न पाहता औषध देण्यासारखेच ते आहे. हा क्रमांक वहीत लिहून घ्यावा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. आरंभीचे शून्य व एक्स हे चिन्ह सोडून काही नेहमीचे क्रमांक पुढे देतो.

'८००७००७०' म्हणजे डिस्कवर जागा नाही. 'सी१९००२००' म्हणजे यंत्र किमान अटी पुऱ्या करीत नाही. 'सी१९००२०८' म्हणजे एखादी न जुळणारी आज्ञावली आड येत आहे. 'सी१९००१०७' म्हणजे मागील प्रयत्नाची साफसफाई उरली आहे. यंत्र एकदा बंद करून सुरू करावे. आणि 'सी१९००१०१' हा सर्वांत अधिक आढळणारा क्रमांक म्हणजे बहुधा ड्रायव्हरची, अर्थात दुभाष्याची, तक्रार होय.

या मुख्य क्रमांकापुढे बहुधा दुसरा, पाच अंकी क्रमांक असतो. त्याचा पहिला अंक फार बोलका आहे. तो १ असेल तर काम पहिल्याच टप्प्यात अडले. २ असेल तर हंगामी प्रणालीच्या वेळी. ३ असेल तर नवी प्रणाली प्रथम उभी राहताना. आणि ४ असेल तर अगदी शेवटच्या टप्प्यात. उदाहरणार्थ, '२००१७' म्हणजे हंगामी प्रणाली सुरू होतानाच पाय घसरला. '४०००डी' म्हणजे घर बांधून झाले, पण सामान लावताना अडथळा आला. पहिल्यात यंत्राच्या मूळ मांडणीकडे व ड्रायव्हरांकडे पाहावे. दुसऱ्यात खाती, जुन्या आज्ञावल्या व ड्रायव्हर यांकडे. याहून खोलात जावयाचे असल्यास मायक्रोसॉफ्टची 'सेटअपडायग' ही आज्ञावली नोंदवह्या वाचून कारण शोधून देते.

ड्रायव्हरसारख्या खोलवर बसलेल्या घटकातील चूक केवढा अनर्थ करू शकते, याचे उदाहरण जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून थांबली. विमानतळांवर रांगा लागल्या. ती यंत्रे जुनी नव्हती, की त्यांचे मालक अडाणी नव्हते. म्हणून आपल्या घरचा एक लॅपटॉप अडला तर कोणी स्वतःला कमी लेखू नये.

उपायांचा क्रम

उपाय करताना एका वेळी एकच बदल करावा, मग पुन्हा प्रयत्न करावा, आणि काय केले ते तारखेसह लिहावे. चार उपाय एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि अपाय झाला तर तो कशाने झाला तेही कळत नाही. सोप्याकडून कठिणाकडे जाणारा क्रम असा :

१. छपाईयंत्र, पेनड्राइव्ह, डोंगल, बाहेरची डिस्क ही सर्व उपकरणे काढून ठेवावीत.

२. डिस्कवर २० ते ३० जीबी जागा मोकळी करावी. जतन झाले असल्याने छायाचित्रे व चित्रफिती तात्पुरत्या हलविण्यास हरकत नाही.

३. लॅपटॉप स्वच्छ करावा. तंबाखूच्या वखारीजवळ किंवा गिरणीशेजारी वापरलेल्या यंत्राच्या पंख्यात बारीक धूळ घट्ट बसते. तापलेले यंत्र लांबलचक कामाच्या मध्येच बंद पडते व दोष मात्र प्रणालीच्या माथी जातो.

४. बाहेरून घातलेला विषाणुरोधक काढून टाकावा. बदल झाल्यावर तो पुन्हा घालता येतो.

५. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचे ताजे ड्रायव्हर व मूळ मांडणीची, म्हणजे बायोसची, सुधारित आवृत्ती घ्यावी. बायोस बदलताना वीज गेल्यास यंत्र कायमचे निकामी होऊ शकते, हे विसरू नये.

६. जुनी प्रणालीच आतून किडलेली असेल तर तिच्यावर नवी चढत नाही. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून 'डीआयएसएम' व मागोमाग 'एसएफसी' या दुरुस्तीच्या आज्ञा चालवाव्यात. डिस्कची तपासणी 'चेकडिस्क'ने करावी. डिस्कच खराब निघाली तर येथेच थांबून ती बदलावी.

७. मोबाइलच्या इंटरनेटवरून उतरविताना सामान अर्धवट येण्याचा संभव असतो. वाचनालयात, महाविद्यालयात किंवा स्नेह्याकडे चांगली जोडणी असेल तर तेथून मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरील पूर्ण प्रतिमा उतरवून घ्यावी व तिच्यावरून बदल करावा. ओळखीच्या कोणी दिलेल्या अनोळखी प्रतीवर विसंबू नये.

८. हे सारे करूनही अडले तर मग कोरी प्रतिष्ठापना. यात डिस्क पुसली जाते, म्हणून जतनाची प्रत पुन्हा एकदा उघडून पाहिल्याखेरीज या पायरीवर पाऊल ठेवू नये.

यंत्र विंडोजपर्यंत पोहोचतच नसेल, तर लागोपाठ दोनतीन वेळा सुरू होण्यात अपयश आल्यावर ते बहुधा आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथे 'स्टार्टअप रिपेअर', नुकतीच आलेली सुधारणा काढून टाकणे, आणि मागील आवृत्तीकडे परतणे असे मार्ग असतात. ते याच क्रमाने वापरावेत. सर्व काही पुसून टाकणारा पर्याय ओळखून त्यापासून दूर राहावे.

आणि बदल यशस्वी झाला तरी काम संपले असे नाही. जुनी प्रणाली एका कप्प्यात साधारणतः १० दिवस राखलेली असते. तेवढ्या मुदतीत मागे फिरता येते. त्या दहा दिवसांत मराठी व कन्नड टंकलेखन, छपाई, हिशेबाची आज्ञावली आणि बँकेचे काम हे सर्व करून पाहावे. जागा हवी म्हणून तो कप्पा घाईने पुसू नये.

एक उदाहरण

समजा, निपाणीच्या एका घरी २०१९ साली घेतलेला, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप आहे. बदल फसला व 'सी१९००१०१–३००१८' असा क्रमांक आला. पहिला भाग दुभाष्याकडे बोट दाखवितो. दुसऱ्याचा पहिला अंक ३, म्हणजे नवी प्रणाली प्रथम उभी राहताना एखाद्या उपकरणाशी ओळख जमली नाही. येथे जागा मोकळी करीत बसणे किंवा स्मृती वाढविणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला! बाहेरची उपकरणे काढावी, मग उत्पादकाकडील ताजे ड्रायव्हर घालावे, मग बायोस पाहावा. बहुतेक वेळा या तीन पायऱ्यांतच उत्तर सापडते.

आता समजा, बेळगावातील दुसऱ्या घरी २०१५ सालचा, पाचव्या पिढीचा लॅपटॉप आहे आणि तो 'सी१९००२००' दाखवितो. येथे दुरुस्त करण्यासारखे काही नाहीच. दुकानदारामागून दुकानदार पालथे घालण्याऐवजी पुढील विचार करावा.

कोठे थांबावे?

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे होऊ न देणे, हेही शहाणपणच आहे. अपात्र यंत्राच्या मालकासमोर तीन प्रामाणिक मार्ग आहेत.

पहिला, विंडोज १० वरच राहून वाढीव सुरक्षा-सुधारणा घेणे. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी कंपनीने विंडोज १० चा आधार थांबविताना ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली होती. ही केवळ मुदतवाढ आहे, मुक्ती नव्हे.

दुसरा, लिनक्स घालणे. लिनक्स मिंट किंवा उबुंटू या प्रणाली विनामूल्य असून जुन्या यंत्रांवर समाधानकारक चालतात; सी-डॅक या आपल्या देशातील संस्थेने 'बॉस' ही प्रणालीही तयार केली आहे. त्यांत इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी व कन्नड दोन्ही लिहिता येतात. अभ्यास, पत्रव्यवहार व इंटरनेट यांना त्या पुरतात. मात्र विंडोजसाठीच बनविलेले लिपीसंच व काही हिशेबाच्या आज्ञावल्या तेथे चालणार नाहीत, हे आधी पाहावे. पेनड्राइव्हवरूनच सुरू करून चार दिवस वापरून पाहण्याची सोय असल्याने फसगत होण्याचे भय नाही.

तिसरा, ते यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या फाइली वाचण्यासाठी ठेवणे. जुन्या डोंगलवर चालणारे लिपीसंच असणाऱ्या छापखान्यांना व संस्थांना हाच मार्ग सोयीचा पडेल.

अटी चुकवून अपात्र यंत्रावर विंडोज ११ चढविण्याच्या युक्त्याही सांगितल्या जातात. परंतु अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरच्या एकुलत्या एक यंत्रावर असा प्रयोग करू नये. यंत्र पात्र असो वा नसो, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविली तर त्याचा वेग स्पष्ट जाणवेल इतका वाढतो. खर्च करावयाचाच तर तो येथे करावा.

विद्यार्थ्यांस विशेष सूचना

आपल्या भागातील विद्यार्थ्याला कित्येकदा दोन राज्यांचे अर्ज भरावे लागतात. कर्नाटकातील प्रवेशपरीक्षेचा एक, आणि महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत जी स्वतंत्र तरतूद ठेवली आहे तिच्यासाठी दुसरा. त्यासोबत गावाचा दाखला, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, गुणपत्रिका असे कागद जोडावे लागतात. हे कागद मिळविण्यास किती खेटे घालावे लागतात ते पालक जाणतात. म्हणून अर्जांच्या हंगामात, म्हणजे साधारणतः मार्चपासून प्रवेश पुरे होईपर्यंत, घरच्या लॅपटॉपची प्रणाली मुळीच बदलू नये. पडद्यावरील सूचना थांबू शकते. अर्जाची अखेरची तारीख थांबत नाही. दिवाळीची सुट्टी या कामास उत्तम. पाऊस सरलेला असतो, मुले घरी असतात आणि घाई नसते.

उपसंहार

यंत्रे येतील व जातील. आजची नवी प्रणालीही दहा वर्षांनी जुनी होईल आणि हाच प्रसंग पुन्हा उभा राहील. तेव्हा क्रमांक निराळे असतील, अटी निराळ्या असतील; पण रीत हीच राहील. आधी ठेवा सुरक्षित करणे, मग यंत्र काय सांगते ते वाचणे, एका वेळी एकच उपाय करणे, आणि जेथे उपाय नाही तेथे शांतपणे दुसरी वाट धरणे.

हे काम अवघड नाही. आपल्या प्रत्येक गल्लीत दोनचार तरी मुले अशी आहेत की ज्यांना हे सहज जमेल. त्यांनी आपल्या घरचे झाल्यावर शेजारच्या वृद्ध दांपत्याचे व ओळखीच्या दुकानदाराचे यंत्रही पाहावे. निदान त्यातील कागदांची एक प्रत घेऊन द्यावी आणि ४८ अंकी किल्ली वहीत उतरवून द्यावी. एका दुपारचे हे श्रम एखाद्या घराचा वीस वर्षांचा ठेवा वाचवू शकतील.